बारा शायेन आणि मी

लष्करी छावणी, कॅन्सस
२४ जून १८६७

ताई,

जिवंत आहे. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण पत्र शेवटाकडून वाचायची तुझी सवय मला ठाऊक आहे.

आमच्या घोडागाडी कंपनीचं करड्या झऱ्याचं ठाणं आता राहिलं नाही. मंगळवारी सकाळी इथल्या शायेन जमातीच्या योद्ध्यांनी हल्ला केला. किती होते म्हणशील, तर बारा. मी आणि आपला एझ्रा टॉलिव्हर, दोघांनी दुपारपर्यंत ठाणं लढवलं. एझ्रा छपरावर, मी खाली. तो गोळ्या झाडत होता, मी काडतुसं पुरवत होतो, मधूनमधून स्वतःही बार काढत होतो. शेवटी एझ्राला गोळी लागली. माझ्या मांडीवर त्याने प्राण सोडला. त्या टोळीच्या पुढे एक उंच माणूस होता, गालावर डोळ्यापासून हनुवटीपर्यंत व्रण. तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मग गवताच्या गंजीने पेट घेतला, घोडे गेले, घर गेलं, आणि मी एका लंगड्या खेचरावर बसून अठरा मैल छावणीपर्यंत आलो. टोपी बनवायच्या धंद्यात बुडालेला, मधमाश्यांनी हाकलून दिलेला तुझा भाऊ शेवटी कुठल्या तरी कामाला लायक निघाला, असं समज.

टॉलिव्हरकाकूंना तू जाऊन सांग. माझ्याच्याने लिहवत नाही.

तुझा ऑरिन

ता. क. एक विजार शिवून पाठव. माझी जळाली. घेर तुला ठाऊक आहे, त्यात दोन बोटं वाढव. इथल्या फौजी विजारी शूर माणसांच्या मापाच्या असतात.


हार्लन्स मिल, ओहायो
१२ जुलै १८६७

ऑरिन,

तुझं पत्र मी या वेळी पहिल्या ओळीपासून वाचलं. मग बसले, मग पुन्हा वाचलं.

काकूंकडे त्याच दिवशी गेले. त्या लोणी घुसळत होत्या. मी सांगितलं तेव्हा हात थांबला नाही, घुसळतच राहिल्या. लोणी आलं, तरी घुसळत राहिल्या. मग म्हणाल्या, "ऑरिन होता ना जवळ? मग एकटा नव्हता माझा पोरगा." तुझं पत्र त्यांनी माझ्याकडून मागून घेतलंय. उशाखाली ठेवतात.

रविवारी चर्चमध्ये मी ते मोठ्याने वाचलं. पाद्रीबाबांनी नाक शिंकरलं. गावच्या साप्ताहिकवाल्याने मजकूर मागितला, तो मी उतरवून दिला. आता शिकागोच्या पेपरातही आलाय म्हणे, आणि तिथे शायेन तीस झालेत. शेजारच्या हंसिणीने पाठलाग केला म्हणून आठवडाभर शाळा बुडवणारा माझा भाऊ तीस जणांना भारी पडला! लोक रस्त्यात थांबवून विचारतात. मी मान ताठ ठेवून चालते. काय करू, सवय नाही रे.

काकूंनी एकच विचारलंय. जाताना एझ्रा काही बोलला का?

विजार शिवायला घेतली आहे.

हेस्टर


छावणी
५ ऑगस्ट १८६७

ताई,

विजार पोचली. दोन बोटं सांगितली होती, तू चार वाढवलीस. आशीर्वाद समजतो.

तुझ्या साप्ताहिकाचा अंक विजारीच्या आधी इथे पोचला. कप्तानसाहेबांनी मला जेवायला बोलावलं. हरणाचं मांस, गव्हाचा खरा पाव आणि डबाबंद पीच होते. लढाईचं वर्णन करून सांग म्हणाले. मी सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते आणखी बरं जमलं. दुसऱ्या तुकडीच्या अधिकाऱ्यांनी तिसऱ्यांदा बोलावलं, तेव्हा मी खुर्चीवर चढून छप्पर कसं होतं ते दाखवलं. खुर्ची मोडली.

काकूंना सांग, एझ्राने "आई" म्हटलं. तेवढंच.

आणखी एक. गेल्या आठवड्यात पाच-सहा शायेन पांढरं फडकं घेऊन बोलणी करायला छावणीत आले. त्यांत गालावर व्रण असलेला एक उंच माणूस होता. पेपरातलं वर्णन सगळ्यांना पाठ झालेलं. लगेच त्याला पकडलं, बेड्या घालून कोठडीत टाकलं. बाकीच्यांना हाकललं. त्याचं नाव दोन करकोचे. सप्टेंबरात चौकशी आहे आणि एझ्राला मारणारा हाच, हे ओळखायला मला उभं करणार आहेत. खोऱ्यातले वसाहतवाले आत्ताच दोराची मापं काढतायत.

मी अजून त्याला पाहिलेलं नाही. पाठीत चमक भरलीय, त्यामुळे कोठडीपर्यंत चालवत नाही. खुर्चीवरून पडलो ना. योग्य ते करीनच.

तुझा शूर भाऊ, ऑरिन


हार्लन्स मिल
२६ ऑगस्ट १८६७

ऑरिन,

पाठीत चमक भरलेला माणूस जेवायला तीन ठिकाणी जातो आणि कोठडीपर्यंत जाऊ शकत नाही?

मी तुझी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली. काकूंकडून तासाभरासाठी मागून आणलं पहिलं. घर जळालं, विजार जळाली. कातडं भाजल्याचं कुठे लिहिलेलं नाही. बूट शाबूत आहेत, कारण ते तू मागितले नाहीस. विजार अशी कशी एकटी जळते रे?

लहानपणी खोटं बोलताना तू फार बारकावे सांगायचास आणि खरं बोलताना अडखळायचास. पहिलं पत्र वाचताना मी एकदाही अडखळले नाही. तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. मला ते नको होतं.

एका माणसाच्या गळ्याशी दोर आहे. मला खरं लिही. हसणार नाही. हसलेच, तर तुला कळवणार नाही.

हेस्टर


छावणी
१४ सप्टेंबर १८६७

ताई,

हस. निदान पहिल्या अर्ध्या भागात तरी.

ते पाच जण होते. एवढंच नव्हे, सकाळी शांतपणे आले. घोडे दमलेले, माणसंही. वसंतात फौजेने त्यांचं अख्खं गाव जाळलं, तंबू, कातडी, वाळवलेलं मांस, सगळं. तेव्हापासून त्यांच्यातले काही ठाण्यांवरचे घोडे पळवत होते, काही नुसतेच भटकत होते. हे कुठल्यातले होते कोण जाणे. लांबच थांबले. उंच माणसाने हात वर केला आणि ओरडला, "कॉफी! साखर!" आपल्या भाषेतले तेवढेच दोन शब्द त्याला येत होते.

मी एझ्राला म्हणालो, "देऊन टाक ना. माझ्या हातची कॉफी प्यायले की पुन्हा येणार नाहीत."

तो म्हणाला, "तू चूल सांभाळ." कंपनीचा हुकूम होता, कुणालाही गोळीच्या टप्प्यात येऊ द्यायचं नाही. एझ्रा हुकूम पाळणारा. छपरावर चढला आणि बार काढला. एका तरुणाचा घोडा कोसळला, तरुण खाली अडकला. मग त्यांनीही गोळ्या झाडल्या.

आणि मी? मी पलंगाखाली होतो. पलंग बुटका आहे, मी जाडा. आत शिरताना मी तो चार बोटं उचलला असणार. सबंध लढाई मी त्या पलंगाखालून पाहिली, दाराच्या फटीतून. घोड्याखालून सुटलेल्या त्या तरुणाने छपराकडे नेम धरून एझ्राला गोळी घातली, तेही पाहिलं. दोन करकोचे त्या वेळी घोड्याच्या खोगिराशी झटत होता, त्याच्या हातात बंदूकही नव्हती.

मग गंजी पेटली, तिच्यावरून छपराचं गवत. धूर आत आला. पुढच्या दाराशी ते, म्हणून मी मागच्या खिडकीतून निघालो. निघालो म्हणजे अर्धा. पोटाशी अडकलो. पुढे जाता येईना, मागेही. तेवढ्यात दोन करकोचे कोपऱ्यावरून आला. माझ्याकडे पाहतच राहिला. आधी त्याने मला आत ढकललं. खरंच, ताई! दोन्ही हातांनी डोकं धरून आत. त्याला खिडकी मोकळी हवी होती, कॉफीचं पोतं काढायचं होतं. आत जाईना म्हणून मग काखांत हात घालून बाहेर ओढलं. मी आलो, विजार चौकटीच्या खिळ्याला राहिली. तो जमिनीवर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग आत उडी मारून पोतं घेऊन आला, खोकत खोकत. तो तरुण बंदूक रोखून माझ्यावर आला, तेव्हा ह्याने माझ्या उघड्या पायांकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं. तरुण थुंकला आणि गेला.

हसणं इथे थांबव.

एझ्राने छपरावरून मला हाका मारल्या होत्या. "ऑरिन, काडतुसं!" पेटी पलंगाशेजारीच होती, माझ्या कोपराला लागत होती. पुन्हा ओरडला. तिसऱ्या वेळी ओरडला नाही, नुसतं म्हणाला, "ऑरिन, अरे बाबा, काडतुसं दे ना." पलंगाखालून दारापर्यंत सहा पावलं. मी पेटीवर हात ठेवून पडून राहिलो. त्याने पुन्हा हाक मारली नाही.

माझ्या मांडीवर तो गेला नाही. "आई" म्हणाला की नाही, मला माहीत नाही.

तुझं पत्र वाचून काल कोठडीत गेलो. झूल बोवे नावाचा दुभाषा बरोबर होता, बाप फ्रेंच व्यापारी, आई शायेन. दोन करकोचेने मला पाहिलं आणि बेड्यांसकट हसायला लागला.

झूलने भाषांतर केलं, "म्हणतोय, खिडकीतला रेडा आला. आज विजार घातलीय."

मी म्हणालो, "त्याला विचार, मला का ओढलंस?"

"म्हणतोय, तू वाटेत होतास."

"एवढंच?"

झूलने विचारलं. तो बराच बोलला. "म्हणतोय, अजून काय हवंय तुला? ढकलून पाहिलं, जाईनास. बायकोला दिवस गेलेत, तिला कॉफी हवी होती. पण हे लोक म्हणतात, छपरावरचा मी मारला. तू तर पाहिलंस. तू सांगितलं नाहीस?"

मी त्याच्या बेड्यांकडे पाहिलं. तो हसायचा थांबला. पाठ भिंतीला टेकून डोळे मिटले. झूल म्हणाला, "चल. आता बोलणार नाही तो."

मंगळवारी चौकशी आहे. खरं सांगितलं तर तीस शायेनांशी लढलेला मी सगळ्या कॅन्ससभर विजारीशिवाय फिरेन. त्याचं काही नाही. काकूंचं काय? त्यांच्या उशाखाली माझं पत्र आहे. तुझं उत्तर येईपर्यंत सगळं होऊन गेलेलं असेल, तरी विचारतो. काय करू?

ऑरिन


हार्लन्स मिल
२९ सप्टेंबर १८६७

ऑरिन,

तू काय केलंस ते मला माहीत नाही, म्हणून काय करावंस तेही सांगत नाही. मी काय केलंय ते सांगते.

तुझ्या पत्रात एवढंच होतं की व्रणवाला पुढे होता. त्याने एझ्राला मारलं असं तू कुठेच लिहिलं नव्हतंस. साप्ताहिकासाठी उतरवताना मी घातलं, "त्याच क्रूरकर्म्याने एझ्राचा प्राण घेतला." वाक्य तिथे शोभत होतं. साप्ताहिकवाला म्हणाला होता, मिस हेस्टर, तुमची भाषा काय धारदार आहे! मी घरी येऊन आरशात पाहिलं होतं.

तो माणूस माझ्या वाक्यावर पकडला गेला. तुला पलंगाखाली जायला बंदुका तरी लागल्या. मला एक कौतुकाचा शब्द पुरला.

साप्ताहिकवाल्याकडे गेले होते. दुरुस्ती छाप म्हटलं. तो म्हणाला, लोकांना दुरुस्त्या आवडत नाहीत. मी त्याच्या टेबलापाशी उभी राहिले. जेवायची वेळ झाली, मी उभीच. शेवटी छापतो म्हणाला.

काकूंना अजून सांगितलेलं नाही. दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले.

हेस्टर


छावणी
३० सप्टेंबर १८६७

ताई,

झालं एकदाचं.

खोली भरलेली. वसाहतवाले मागे उभे, टोप्या हातात, चेहरे असे की मला बसायला खुर्ची नको वाटली. कप्तानसाहेबांनी विचारलं, "हाच तो?"

"हाच तिथे होता. पण एझ्राला याने मारलं नाही."

"तुम्ही पाहिलंत? कुठून?"

"पलंगाखालून, साहेब."

"हल्ला सुरू झाला तेव्हा?"

"सुरुवातीपासून. शेवटी थोडा वेळ खिडकीत होतो."

मागे कुणीतरी फिस्कन हसलं. मग खिडकी कशी, किती अडकलो, विजार कुठे राहिली, सगळं विचारलं गेलं आणि सगळं सांगितलं. कारकुनाला लिहिता येईना, त्याने लेखणी ठेवून रुमाल तोंडाशी धरला. कप्तानसाहेबांनी छताकडे पाहिलं. माझी खात्री आहे, त्यांना ते पीच आठवले.

मग ते म्हणाले, "आणि तुम्ही टॉलिव्हरना काडतुसं पुरवत होतात, असं छापून आलंय."

मी म्हटलं, "नाही. त्याने तीनदा मागितली. पेटी माझ्या हाताखाली होती. मी दिली नाहीत."

हसणं थांबलं. त्यांनी हसत राहावं असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

सलाइन नदीवरच्या एका वसाहतवाल्याचा भाऊ ऑगस्टात मारला गेला होता. तो ओरडला, "याने हा मारला नसेल, तर दुसरा कुणी मारला असेल! सोडू नका!" कप्तानसाहेबांनी त्याला बसवलं. पुढच्या महिन्यात दक्षिणेला तहाची मोठी बोलणी आहेत. पांढरं फडकं घेऊन आलेल्याला फासावर दिल्याची बातमी तिथे पोचायला त्यांना नकोच होती. माझी साक्ष त्यांच्या सोयीची पडली. न्याय झाला म्हणायचा की सोय झाली, मला ठरवता आलेलं नाही.

अकरा दिवसांनी त्याला सोडलं. त्याचा घोडा मधल्या काळात कुणीतरी विकून टाकला होता. बदल्यात एक म्हातारी घोडी दिली. त्याने तिचे दात पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. झूलमार्फत विचारलं, "छपरावरच्याला आई आहे?"

"आहे."

"तिला सांगितलंस?"

"नाही."

"मग कोण सांगणार? मी?"

आभार नाहीत, हात हलवणं नाही. घोडी चालेना, तर उतरून तिला ओढत गेला. त्याची बायको दोन टेकड्यांपलीकडे वाट पाहत होती म्हणे.

कंपनीने मला कामावरून काढलं. दुकानात गेलो की कुणी तरी हमखास खिडकी उघडी आहे का विचारतं.

काकूंना तू सांगू नकोस. ते मीच करायला हवं, पण या पत्रात हे वाक्य लिहितानाही आपोआप विनोद सुचतोय. म्हणून इथेच थांबतो.

ऑरिन


हार्लन्स मिल
१७ ऑक्टोबर १८६७

ऑरिन,

तुझं पत्र यायच्या आत मी सांगून टाकलं. दुरुस्ती छापून आली, ती काकूंनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नये म्हणून. माझं वाक्य सांगितलं, तुझं चौदा तारखेचं पत्रही वाचून दाखवलं, खिडकीपासून काडतुसांपर्यंत. खिडकीला त्या हसल्या नाहीत. काडतुसांना रडल्या नाहीत. उशाखालचं पत्र आणून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "हे चांगलं लिहिलंय. घेऊन जा." तीन दिवस दार लावून होत्या.

आज बोलावलं आणि सांगितलं, लिही. पुढचं त्यांचं आहे, मी एक अक्षर घातलेलं नाही:

"ऑरिन, तू चार वर्षांचा असल्यापासून माझ्या स्वयंपाकघरात खाल्लं आहेस. एझ्रा तुला सांभाळेल म्हणून मी त्याला तिकडे जाऊ दिलं. तुझ्यावर राग आहे. तो जाईल असं वाटत नाही, आणि जावा म्हणून मी काही करणार नाही. त्या माणसाला सोडवलंस ते बरं केलंस. पण एझ्राने आई म्हटलं, हे तू मला दिलंस आणि परत घेतलंस. त्याच्या जागी आता काहीच नाही. तू त्याच्यासोबत दीड वर्ष राहिलास. माझ्या मुलाचं खरं काही तरी असेल तुझ्यापाशी. ते लिही. मजा करू नकोस."

हेस्टर


छावणी
१ नोव्हेंबर १८६७

टॉलिव्हरकाकू,

हे चौथं पत्र आहे. पहिली तीन फाडली, त्यांत मी चांगला दिसत होतो.

त्या दिवशी सकाळी एझ्राने मक्याची भाकरी आणि खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं. भाकरी करपली होती, मी केली होती. त्याने करपलेला भाग चाकूने खरवडून खेचराला घातला. त्याचा उजवा बूट तळाशी उघडला होता, तो दुपारी शिवणार होता. घोड्यांना पाणी पाजताना तो प्रत्येकाला नावाने हाक मारायचा. कंपनीने घोड्यांना नुसते आकडे दिले होते, नावं त्यानेच ठेवलेली. एका घोडीचं नाव तुमच्यावरून होतं. ती चावरी होती. तो म्हणायचा, तिच्याएवढं काम कुणी करत नाही.

हिवाळ्यात मला ताप आला तेव्हा नऊ दिवस त्याने माझं काम केलं आणि बोलून दाखवलं नाही. माझ्या थापा त्याला कळायच्या. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बरं." छपरावर चढताना त्याने मला शिडी धरायला सांगितली. ती मी धरली. त्या दिवशी त्याचं ऐकलेलं तेवढंच.

तो भ्यालेला नव्हता. शेवटच्या हाकेत राग नव्हता. मी पुरवठा करीन असं त्याला शेवटपर्यंत वाटत होतं की नाही, ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक आहे असं मी लिहिणार नाही.

आणखी बरंच आहे, पण माझी लेखणी हातात आली की वळण घेते. तोंडाने सांगितलं तर तुम्हाला माझा चेहरा दिसेल आणि जिथे मी खोटं बोलेन तिथे थांबवता येईल. सोमवारच्या गाडीने निघतोय, पंधरा तारखेच्या आसपास पोचेन. ताईकडे उतरणार नाही, आधी तुमच्याकडे येईन. दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी पायरीवर बसेन.

ऑरिन